पुण्यातील वाडे : भाडेनियंत्रण आणि वास्तुजतन

पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांच्या ऱ्हासाचा विचार बहुधा वास्तुशास्त्राच्या अंगाने केला जातो. सागवानी खांब कुजले, मातीच्या भिंती खचल्या आणि वाडे पडले, असे सांगितले जाते. हे वर्णन खोटे नाही. परंतु ती कारणमीमांसा नव्हे. लाकूड कुजते ते दुरुस्तीअभावी, आणि दुरुस्ती का झाली नाही याचे उत्तर मुख्यतः भाड्याच्या इतिहासात सापडते.

पेशवाईतील वाडा हा एका घराण्याचा, त्याच्या आश्रितांचा व सेवकवर्गाचा निवास होता. १८१८ नंतर अनेक घराण्यांचे उत्पन्न आटले. पुढे कचेऱ्या, विद्यालये व रेल्वे यांमुळे बाहेरगावचे लोक शहरात येऊ लागले आणि वाड्यांतील खोल्या बिऱ्हाडांना भाड्याने देण्याची प्रथा रुळली. चौक आणि आड सामाईक, चूल मात्र स्वतंत्र, अशी ही व्यवस्था होती. अल्प वेतनाचा कारकून असो, की इंदापूर-बारामतीकडून शिक्षणासाठी आलेला विद्यार्थी असो, त्यास शहराच्या मध्यभागी राहणे शक्य झाले ते तिच्यामुळेच.

दुसऱ्या महायुद्धकाळात घरांची टंचाई तीव्र झाली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे सामान्यतः प्रमाण मानले. करांपोटी व सुधारणांपोटी काही वाढीस मुभा होती. तथापि मूळ भाडे गोठले आणि दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच राहिली. या कायद्याने असंख्य कुटुंबांना निवाऱ्याची शाश्वती दिली, हे निःसंशय. परंतु महागाईच्या मानाने भाडे नाममात्र होत गेले. मालकास दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूस जागा सोडवेना. आणि या कोंडीची झळ वास्तूस बसली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील कित्येक घरे पाडली. तेथे निसर्गाने एका दिवसात केले, ते अन्यत्र उपेक्षेने अनेक दशकांत केले.

मुंबई शहरासाठी १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन करण्यात आले. पुण्याच्या पेठांस त्याचा लाभ मिळाला नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेले भाडे काळाच्या ओघात अन्याय्य ठरल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि प्रतिवर्षी चार टक्के भाडेवाढीस मुभा मिळाली. परंतु ही वाढ मुळातच अत्यल्प असलेल्या भाड्यावर होती. आणि तोवर वाड्याहून त्याखालच्या भूखंडाचे मोल कितीतरी अधिक झाले होते.

अशा स्थितीत कोणते वाडे टिकले? दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा टिकला. त्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि पुढेही तो सार्वजनिक उपयोगात राहिला. याउलट, फुले दांपत्याने १८४८ साली जेथे मुलींची शाळा काढली, तो बुधवार पेठेतील भिडेवाडा राष्ट्रीय स्मारकाचा प्रश्न आणि तेथील गाळेधारकांचे हक्क यांच्या दीर्घ वादात सापडला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महानगरपालिकेने ती जीर्ण वास्तू पाडली. स्मारकाची जागा मोकळी झाली. परंतु जिचे स्मरण करावयाचे, ती वास्तू उरली नाही.

यावरून असे म्हणावे लागेल की, राहणाऱ्यास वगळून केलेले जतन आणि वास्तूस वगळून केलेले भाडेकरूचे संरक्षण ही दोन्ही अपुरी ठरतात. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न कायद्याने मालकाच्या माथी टाकला. समाजाने मात्र वारसा आणि स्वस्त निवारा या दोन्हींचा लाभ घेतला. अभ्यासकांनी यापुढे वाड्यांच्या नकाशांबरोबरच भाडेपावत्या, घरपट्टीच्या नोंदी व नगरभूमापनाच्या मिळकतपत्रिका तपासणे अगत्याचे आहे. नक्षीदार तुळयांची चित्रे पुष्कळ जमली आहेत. त्या तुळयांखाली कोण, किती भाड्याने आणि किती वर्षे राहिले, याची नोंद करणारी कुटुंबे व कागद मात्र झपाट्याने पांगत आहेत.