त्सावोतला हिशेब

त्सावोमधल्या कुठल्याही सफारी कॅम्पात रात्रीची जेवणं आटोपून माणसं शेकोटीभोवती बसली, की गोष्ट एकच निघते. त्या दोन नरभक्षक सिंहांची. आमच्या वेळीही निघाली. आम्ही चार घरची मंडळी, मुलं धरून पंधरा जण, शनिवार-रविवार गाठून नैरोबीहून गेलो होतो. मोंबासाच्या रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे म्तितो आंदेई नावाचं गाव लागतं. तिथून उजव्या हाताला त्सावो वेस्ट, डाव्या हाताला त्सावो ईस्ट. दोन्ही मिळून बावीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपले पुणे आणि रायगड जिल्हे एकत्र केले तर साधारण तेवढं. लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती पाहिले, म्झिमाच्या झऱ्यात पाणघोडे पाहिले, घरून नेलेल्या दशम्या संपवल्या. त्याचे फोटो नातेवाईक मंडळींना पाठवले आहेतच. इथे लिहायचंय ते त्या गोष्टीबद्दल, कारण शेकोटीपाशी ती जिथे संपते तिथून पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

गोष्ट थोडक्यात अशी. इंग्रजांनी १८९६ साली मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे टाकायला घेतली. १८९८ च्या मार्चमध्ये जॉन हेन्री पॅटरसन नावाचा लष्करी अधिकारी त्सावो नदीवरचा पूल बांधायला आला, आणि त्याच सुमाराला दोन सिंह मजुरांच्या तंबूंतून माणसं उचलून न्यायला लागले. दोघेही नर, दोघांनाही आयाळ नाही. हे नऊ महिने चाललं. पॅटरसनने पहिला सिंह ९ डिसेंबरला मारला, दुसरा २९ डिसेंबरला. १९०७ साली त्याने पुस्तक लिहिलं, ते खूप खपलं. कातडी पंचवीसेक वर्षं त्याच्या घरी जमिनीवर अंथरलेली होती. ती १९२४ साली शिकागोच्या फील्ड म्युझियमने पाच हजार डॉलरना विकत घेतली आणि पेंढा भरून उभी केली. १९९६ साली सिनेमाही आला, त्यात आपले ओम पुरी होते. (चित्रीकरण मात्र दक्षिण आफ्रिकेत झालं.)

सिनेमात सिंहांना नावं आहेत. बहुतेक मजुरांना नाहीत.

आता ते मजूर कोण? ‘भारतीय कुली’ एवढं सगळेच सांगतात. पूर्व आफ्रिकेत रेल्वे बांधायला इंग्रजांनी जी पद्धत उचलली ती आयती हिंदुस्थानातली होती. रूळ मीटरगेज, कारकून हिंदुस्थानी, पगार रुपयांत, आणि माणसं गिरमिटावर, म्हणजे तीन वर्षांच्या करारावर. बहुतेक सगळे पंजाबातले. जहाजं सुटायची ती मुख्यतः कराचीहून. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, हे आपण विसरून गेलोय. रेल्वेच्या नोंदींप्रमाणे एकूण ३१,९८३ माणसं आणली गेली.

मराठी माणूस परदेशात कुठेही गेला की पहिला प्रश्न विचारतो, ‘आपल्याकडचं कोणी होतं का?’ आमच्या गटातही तो आलाच. तर गोव्याचे बरेच होते, कारकून, स्वयंपाकी, शिंपी. आणि एक डॉक्टर, रोझेंदो आयरेस रिबेरो. नैरोबी हे गाव १८९९ मध्ये रेल्वेच्या ठाण्यापोटी जन्मलं, आणि त्यानंतर वर्षभरात या गृहस्थांनी तिथे तंबूत दवाखाना थाटला. रोग्यांना तपासायला ते झेब्य्रावर बसून जायचे. नैरोबीत गोवेकरांच्या घरी हा विषय काढून बघा, तासाची निश्चिंती.

असो. तंबूवरून मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या तंबूत पलंग, मच्छरदाणी, आरसा, मागे न्हाणीघर आणि गरम पाणी होतं. पुढच्या बाजूला चेन. ती पूर्ण लावून घ्या आणि अंधारात एकटे बाहेर पडू नका, सोबतीला अस्कारी म्हणजे पहारेकरी बोलवा, असं बजावलेलं. मुलांना याचीच सगळ्यात जास्त मजा वाटली. कापडाच्या एका थराबाहेर जंगल आहे, ही गंमत विकत घ्यायलाच तर माणूस इतक्या लांब येतो. १८९८ मध्ये हेच कापड होतं. पॅटरसनच्या पुस्तकात उंगनसिंग नावाच्या जमादाराची हकीकत आहे. एका तंबूत सहा-सात जण झोपलेले, जमादार दाराशी. सिंहाने डोकं आत घालून त्याचा गळा धरला. शेजारच्यांनी ऐकलं की तो त्या जनावराला आपल्याच भाषेत ‘सोड’ म्हणून ओरडला. मग कधी तरी दवाखान्याच्या तंबूतून भिस्ती ओढून नेला. काट्यांची कुंपणं घातली, रात्रभर आगी पेटवल्या, डबे बडवले, उपयोग झाला नाही. शेवटी माणसं पाण्याच्या टाक्यांवर, छपरांवर, पुलाच्या तुळयांवर झोपायला लागली. काहींनी झाडांना खाटा बांधल्या, काहींनी तंबूतच खड्डा खणून वर ओंडके टाकले. एका झाडावर तर इतके चढले की झाडच कोसळलं, आणि तेही सिंह जवळपास असताना.

एक किस्सा हसवणाराही आहे. एक वाणी रात्री गाढवावर बसून चालला होता. सिंहाने दोघांना आडवं केलं. गाढवाच्या गळ्यात दोन रिकामे डबे दोरीने बांधलेले होते, त्या दोरीत सिंहाचा पंजा अडकला, डबे खडखडायला लागले आणि सिंहच घाबरून पळाला. वाण्याने ती रात्र झाडावर काढली.

पण १ डिसेंबर १८९८ हा दिवस शेकोटीच्या गोष्टीत एका वाक्यात उरकला जातो, आणि सांगणारा हसून सांगतो. त्या दिवशी मजुरांनी कामावर यायला नकार दिला. आम्ही सरकारच्या कामाला आलो होतो, सिंहाचं खाणं व्हायला नाही, असा त्यांचा मुद्दा. मग समोरून येणाऱ्या गाडीपुढे ते रुळांवर आडवे झाले, गाडी थांबल्यावर सामानासकट डब्यांवर चढले आणि शेकडोंनी मोंबासाकडे निघून गेले. पुढे तीनेक आठवडे पुलाचं काम बंद. पॅटरसनला हा भित्रेपणा वाटला, आणि त्याची गोष्ट सांगणाऱ्यांनाही बहुतेक तसंच वाटत आलंय. मला विचाराल तर त्या नऊ महिन्यांत त्सावोत झालेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच. बंदूक एकाकडे, तंबू सगळ्यांकडे. गिरमिट मोडलं तर शिक्षा होती, हे त्यांनाही ठाऊक होतंच.

त्याआधीही पॅटरसनचं त्यांच्याशी वाजलं होतं. साध्या मजुराला महिना १२ रुपये आणि पाथरवटाला ४५, म्हणून अनेकांनी पाथरवट असल्याची बतावणी केली, असं तो लिहितो. त्याने मग कामाच्या मापावर पैसे ठरवले, आणि चिडलेल्या पाथरवटांनी त्याला मारायचा कट केला. पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. ही सगळी त्याची बाजू. दुसरी बाजू लिहायला कोणी बसलं नाही.

आता आकडे. सिंहांनी किती माणसं मारली? पॅटरसनच्या पुस्तकात २८ भारतीय मजूर. शिवाय कित्येक आफ्रिकन, ज्यांची नोंद ठेवलेली नाही, हेही तोच सांगतो. पुढे आकडा १३५ वर गेला. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या सिंहांचे केस आणि हाडं तपासून अंदाज केला तो ३५च्या आसपास. २०२४ मध्ये दातांच्या पोकळीत अडकलेल्या केसांचा डीएनए पाहिला, त्यात माणसाबरोबर जिराफ, झेब्रा, ओरिक्स असे बरेच प्राणी निघाले. म्हणजे सिंह केवळ माणसांवर जगत नव्हते. माणसांकडे वळले का, याचीही कारणं दिली जातात. १८९० च्या दशकात बुळकांडीने गुरं आणि रानरेडे अफाट मेले होते. हस्तिदंताचे आणि गुलामांचे काफिले याच वाटेने जात, थकलेली आजारी माणसं इथेच मागे राहत. आणि दोघांपैकी एका सिंहाचा सुळा तुटून मुळाशी पू झाला होता.

सिंहांच्या तोंडी गेलेल्यांचा आकडा ठरवायला इतकं संशोधन झालं, ते चांगलंच आहे. पण रेल्वेच्या कामावर एकूण भारतीय मजूर मेले २,४९३. मोंबासा ते किसुमू हा लोहमार्ग सुमारे ५८० मैलांचा, म्हणजे मैलामागे चार माणसं. हिवताप, हगवण, पायांचे व्रण, अपघात. सिंहांच्या वाट्याचा सगळ्यात मोठा आकडा धरला आणि ते सगळे मजूरच होते असं मानलं, तरी तो यात अठरावा भाग भरत नाही... पण हगवणीची गोष्ट शेकोटीपाशी कोण सांगणार? आणि आफ्रिकन माणसांचा आकडा तर नाहीच.

याउलट १९०० च्या जूनमध्ये, याच मार्गावर किमा स्टेशनात, चार्ल्स रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला सिंहाने रेल्वेच्या डब्यातून ओढून नेलं. नैरोबीत त्याची कबर आहे, दगडावर नाव कोरलेलं आहे, कसा मेला तेही लिहिलेलं आहे.

खुद्द ‘सफारी’ हा शब्द मुळात आपल्या ‘सफर’चा सख्खा भाऊ, अरबीतून दोन्हीकडे गेलेला. स्वाहिलीत असे शब्द पावलोपावली भेटतात. हेसाबू, वकिली, पेसा, बिमा, दुका, गारी. सफारी म्हणजे पूर्वी पायी प्रवास, डोक्यावर तीस-तीस किलोची ओझी घेतलेल्या हमालांचा. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याच रेल्वेने शिकारीला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर अडीचशेच्या आसपास हमाल होते. तिथून पुढे हा शब्द श्रीमंतांच्या सुट्टीचा झाला. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली, बंदुका जाऊन कॅमेरे आले, तंबू तेवढे राहिले.

त्सावोचं अभयारण्य झालं १९४८ साली. जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा, असं आपण जीपमधून बघताना धरून चालतो. इथे माणसं होती. वाता नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या धनुष्यांनी हत्तीची शिकार करत आलेले. पन्नासच्या दशकात चोरट्या शिकारीविरुद्ध मोहीम निघाली, त्यात यांतले अनेक तुरुंगात गेले. मोहीम हस्तिदंताच्या व्यापारामुळे गरजेची होती, हे मान्य. पण ज्याचं जंगल तोच रातोरात चोर ठरला, हे कॅम्पातल्या रंगीत माहितीपत्रकात मावत नाही.

रविवारी परतताना त्सावो नदीवरचे पूल पाहिले. जुन्या मीटरगेजच्या शेजारी २०१७ मध्ये सुरू झालेला नवा लोहमार्ग उंचावरून जातो, हत्तींना खालून जाता यावं म्हणून मोऱ्या ठेवलेल्या आहेत. त्याच वर्षी केनियाने इथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. रेल्वेवरचे साडेसहा हजारांहून जास्त मजूर करार संपल्यावर इथेच राहिले होते.

मजुरांच्या बाजूचं एक लिखाण मात्र आहे, आणि तेही पॅटरसनच्याच पुस्तकात. दुसरा सिंह मेल्यावर मजुरांनी त्याला चांदीचं पात्र भेट दिलं, मजुरांच्या वतीने पुरुषोत्तम हरजी परमार या ओव्हरसियरची सही. त्याबरोबर रोशन नावाच्या मिस्त्रीने हिंदुस्तानीत लांबलचक कविता रचली, जानेवारी १८९९ ची. पुस्तकात तिचं इंग्रजी भाषांतर छापलंय. साहेबाची स्तुती भरपूर आहे, तशी रीतच होती. पण त्यात तंबूतली भीतीही आहे, आणि शेवटी हा रोशन स्वतःचं नाव, गाव, गावाचं ठाणं आणि झेलम जिल्हा, असा सगळा पत्ता नीट सांगतो, आणि म्हणतो की जसं घडलं तसं मी सांगितलंय.