पुलाच्या माथ्यावरची पाटी

खेळ म्हटला की पट, सोंगट्या आणि दान एवढेच ज्यांच्या डोळ्यांसमोर येते, त्यांना ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा व्हिडिओ खेळ थोडा समजावून सांगावयास हवा. 2004 साली तो बाजारात आला. त्यात पट नाही. एक अख्खा प्रांत आहे. लॉस अँजेलिस, सॅन फ्रॅन्सिस्को आणि लास व्हेगास ह्या तीन शहरांवरून बेतलेली तीन काल्पनिक शहरे, त्यांच्यामध्ये पसरलेली राने, वाळवंटे, डोंगर आणि महामार्ग असा त्याचा विस्तार आहे. खेळणाऱ्याने नेमून दिलेली कामे पार पाडावी, नाहीतर ती बाजूस सारून मन मानेल तिकडे भटकावे; त्याला कोणी अडवीत नाही. म्हणूनच अशा खेळांना ‘ओपन वर्ल्ड’, म्हणजे मोकळ्या जगाचे खेळ, असे नाव पडले आहे.

ह्या प्रांतात सॅन फ्रॅन्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाची एक हुबेहूब नक्कल उभी आहे. तिच्या मनोऱ्याच्या माथ्यावर जाण्याचे खेळणाऱ्याला काहीएक कारण नाही. तरीही कोणी हट्टाने तेथवर पोहोचलाच, तर त्याला एक लहानशी पाटी दिसते. येथे वर कोणतेही ‘ईस्टर एग’ नाही, चालते व्हा, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर लिहिलेला आहे.

ईस्टरच्या सणाला पुष्कळशी ख्रिस्ती कुटुंबे रंगविलेली अंडी घराबागेत लपवून ठेवतात आणि मुलांनी ती हुडकून काढावयाची असतात. संगणकाच्या खेळात कर्त्याने गुपचूप दडवून ठेवलेल्या थट्टेला, संकेताला अथवा एखाद्या दुसऱ्या कृतीच्या उल्लेखाला ह्यावरूनच ‘ईस्टर एग’ म्हणू लागले. पाटी वाचणाऱ्याला हसू येते, कारण कोणीतरी एवढ्या उंचीवर शोधावयास येणार हे कर्त्याने आधीच ताडलेले असते. परंतु ह्या विनोदाचे मूळ विनोदात नाही. ते एका नोकराच्या गाऱ्हाण्यात आहे.

अमेरिकेतील अटारी ही कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्स ह्या बड्या उद्योगसमूहाने 1976 साली विकत घेतली. दूरदर्शन संचाला जोडून घरच्या घरी खेळावयाचे खेळ ही कंपनी तयार करी. त्या काळी एक खेळ म्हणजे एका माणसाचे काम असे. कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचे आणि संगणकाला द्यावयाच्या आज्ञावलीचे अक्षर न् अक्षर त्याचेच. वेष्टनावर मात्र नाव केवळ कंपनीचे. कर्त्यांची नावे बाहेर पडली तर प्रतिस्पर्धी त्यांना पळवतील, आणि तेही वेतनासाठी घासाघीस करू लागतील, असा मालकांचा हिशेब होता. कापडउद्योगातून आलेल्या नव्या प्रमुखाकडे काही प्रोग्रॅमर ही तक्रार घेऊन गेले, तेव्हा त्याने त्यांची बरोबरी कारखान्यात जुळणी करणाऱ्या कामगारांशी केली, असे त्यांनीच पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. (जुळणी करणाऱ्याचे नाव तरी का असू नये, हा प्रश्न त्या बैठकीत कोणाला सुचलेला दिसत नाही.) त्यांच्यापैकी चौघे बाहेर पडले. 1979 साली त्यांच्या सहभागाने ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी निघाली आणि तिने खेळाबरोबर त्याच्या कर्त्याचे नाव छापण्याचा पायंडा पाडला.

वॉरेन रॉबिनेट ह्या तरुणाने निराळा मार्ग धरला. संगणकावर केवळ शब्दांत खेळावयाचा, गुहांतून हिंडविणारा एक खेळ त्याने पाहिला होता. तोच अनुभव चित्रांत उतरवावा, असे त्याच्या मनाने घेतले. वरिष्ठाने नको म्हटले, तरी तो कामाला लागला. साऱ्या खेळासाठी जागा मिळावयाची ती अवघी 4 किलोबाइट. प्रस्तुत भाषण संगणकावर उतरवून ठेवावयाचे म्हटले, तरी त्याला ह्याच्या कितीतरी पट जागा लागेल. तेवढ्या जागेत रॉबिनेटने किल्ले, चक्रव्यूह, तीन ड्रॅगन, एक चोरटे वटवाघूळ आणि एक हरवलेला मंतरलेला चषक बसविला. खेळाचे नाव ‘ॲडव्हेंचर’. त्यातला नायक म्हणजे केवळ एक चौकोनी ठिपका; पण तो एका दालनातून दुसऱ्या दालनात आपल्या मर्जीने हिंडू शके. पुढच्या मोकळ्या जगांचे बीज येथे दिसते, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या खेळाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. रॉबिनेटचे वेतन वर्षाला सुमारे 22 हजार डॉलर होते. विक्रीतला वाटा शून्य, आणि नाव कोठेच नाही. मात्र त्याने एक गोष्ट करून ठेवली होती. काळ्या किल्ल्यातील चक्रव्यूहात, सहज पाऊल पडणार नाही अशा एका कोठडीत, त्याने एक कण ठेवला होता. त्याचा रंग पार्श्वभूमीचाच, त्यामुळे तो दिसत नसे. चाचपडतच हाती लागे. तो उचलून आणखी वस्तूंसह एका ठराविक दालनात आणला की तेथील भिंत अडवीत नाहीशी होई आणि पलीकडे एक गुप्त खोली लागे. तीत काहीच नव्हते. उभ्या ओळीत, रंग पालटत, एवढेच लिहिलेले होते की हा खेळ वॉरेन रॉबिनेटने रचला.

मराठी श्रोत्याला येथे रायगड आठवल्यावाचून राहत नाही. जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजीचे नाव कोरलेले आहे, पण ते राजरोस आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाऊल त्याच्यावर पडते. रॉबिनेटला पायरी मिळाली नाही. त्याला भिंतीच्या आड शिरावे लागले. हे गुपित त्याने सहकाऱ्यांनाही सांगितले नाही. एकाला सांगितले की सर्वांना कळणार आणि कंपनी ती खोली पुसून टाकणार, हे तो जाणून होता. खेळ एकदा चिपवर कायमचा उतरला म्हणजे फेरफार करणे सोपे नव्हते. तोपर्यंत तो गप्प राहिला आणि 1979 साली नोकरी सोडून निघून गेला.

पुढच्या वर्षी सॉल्ट लेक सिटीतील एका पंधरा वर्षांच्या मुलाचे पत्र कंपनीकडे आले. ती खोली त्याला सापडली होती. ती काढून टाकावयाची तर नवा साचा करावा लागणार, आणि त्याला सुमारे दहा हजार डॉलर खर्च येणार. स्टीव्ह राइट ह्या अधिकाऱ्याने उलट सल्ला दिला. खोली राहू द्यावी. इतकेच नव्हे, तर अशा लपविलेल्या गोष्टी खेळांत मुद्दाम घालाव्या, म्हणजे मुले ईस्टरच्या अंड्यांप्रमाणे त्या हुडकीत बसतील. नाव पडले ते त्याच वेळी. जी गोष्ट कंपनीच्या विरुद्ध केलेली होती, ती कंपनीच्या मालाचे एक आकर्षण ठरली. राइटचा सल्ला चतुर होता ह्यात शंका नाही. पण रॉबिनेटचे गाऱ्हाणे त्याने मिटले असे कोणी समजू नये.

पुढे खेळांची जगे विस्तारत गेली आणि दडवावयास जागाही मुबलक झाली. ‘सॅन अँड्रियास’ घडविणारी रॉकस्टार नॉर्थ ही संस्था स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथे आहे. एडिंबराजवळ फोर्थच्या खाडीवर 1890 साली बांधलेला पोलादी रेल्वेपूल आहे आणि त्याच्या शेजारी 1964 सालचा झुलता रस्तापूल आहे. ह्या जोडीची प्रतिबिंबे त्या कॅलिफोर्नियासारख्या प्रांतात शेजारीशेजारी उभी आहेत. हजारो खेळाडू त्यांवरून मोटारी हाकीत गेले असतील. ज्याने फोर्थची खाडी पाहिली आहे तोच तेथे थबकेल. परक्या मुलखाचे चित्र काढणाऱ्याने आपल्या गावची वेस त्यात हळूच रेखून ठेवावी, तसा हा प्रकार आहे. पाटीवरच्या थट्टेहून तो कितीतरी गोड वाटतो.

शोधणाऱ्यांचे वेड मात्र ह्याच्याही पुढे गेले. त्याच खेळातील अरण्यात ‘बिगफूट’, म्हणजे अमेरिकेतील दंतकथेतला केसाळ वनमानव, राहतो अशी आवई उठली. धूसर छायाचित्रे फिरू लागली, साक्षीदार पुढे आले. तसे काही खेळात नाही, जसे ते प्रत्यक्षातही नाही, असे कंपनीच्या एका प्रमुखाने सांगून पाहिले. नकार ऐकून लोकांचा संशय वाढला! काहींनी खेळाच्या फायली उघडून तपासल्या. वनमानव तेथेही नव्हता. अखेर कर्त्यांनी लोकांच्या कल्पनेलाच नमस्कार केला. 2010 साली त्यांच्या दुसऱ्या एका खेळात हा प्राणी खरोखरच अवतरला, आणि तोही कसा? आम्ही कंदमुळे-फळे खाणारे, आमची जात तुम्ही संपवीत आणली, अशी कैफियत तो त्याला मारावयास आलेल्या नायकापुढे मांडतो. 2013 सालच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 5’मध्ये रानातून पाठलाग करून पकडलेला बिगफूट हा वेष पांघरलेला माणूस निघाला.

लपविण्याचेही तारतम्य असते. 2010 सालच्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’मध्ये असल्या गमती दिसाव्या की नाही, हे खेळणाऱ्यानेच आरंभी ठरवावयाचे असते. ही सोय झाली. पण मागून घेतलेल्या गुदगुल्यांना हसू ते किती यावयाचे? उलट 2009 सालच्या ‘बॅटमन : अर्कम असायलम’मध्ये एका भिंतीमागे पुढच्या खेळाचा आराखडा इतका बेमालूम दडविला होता की कित्येक महिने तो कोणालाच सापडला नाही. शेवटी कर्त्यांनाच त्याची जागा सांगावी लागली.

आणि नावांचे काय झाले? आता एका खेळावर शेकडो, कधी हजारो माणसे काम करतात आणि शेवटी श्रेयनामावली झळकते. तरी 1947 सालचे लॉस अँजेलिस उभे करणारा ‘एल. ए. न्वार’ हा खेळ 2011 साली आला, तेव्हा शंभराहून अधिक माणसांची नावे वगळली गेली अथवा चुकीची छापली गेली, अशी तक्रार त्याच्या माजी कर्मचाऱ्यांनी केली आणि आपली यादी स्वतःच प्रसिद्ध केली. 2018 साली ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’च्या वेळी काम पुरे होण्याआधी सोडून गेलेल्यांची नावे खेळात घालावयाची नाहीत, हा कंपनीचा जुना रिवाज चर्चेत आला. तेव्हा त्यांना संकेतस्थळावर जागा देण्यात आली.

रॉबिनेटची खोली बरीच वर्षे अशा प्रकारातील पहिली समजली जाई. ती तशी नव्हती. अटारीनेच 1977 साली नाणे टाकून खेळावयाचे ‘स्टारशिप 1’ नावाचे एक यंत्र काढले होते. रॉन मिल्नर ह्या त्याच्या अभियंत्याने त्यात काही लपविले होते, पण ते बाहेर कसे काढावयाचे हे पुढे त्याचे त्यालाच आठवेना. एड फ्राइस ह्या अभ्यासकाने जुन्या आज्ञावलीतून ती रीत शोधून काढली आणि 2017 साली, चाळीस वर्षांनी, ती जाहीर केली. चालू स्थितीतल्या एका यंत्राची कळसूत्रे ठराविक क्रमाने हलवून नाणे टाकण्यात आले. पडद्यावर रॉनच्या नावाने एक नमस्कार उमटला, आणि यंत्राने दहा डाव फुकट दिले.