अँकोट्स
अँकोट्स : इंग्लंडमधील मँचेस्टर शहराचा एक नागरी विभाग. शहराच्या मध्यवर्ती भागाला ईशान्येस लागून. जगातील पहिले औद्योगिक उपनगर असा त्याचा उल्लेख होतो आणि तो फारसा अतिशयोक्त नाही. स्कॉटलंडहून आलेल्या मरे बंधूंनी 1798 मध्ये येथे वाफेवर चालणारी बहुमजली सूतगिरणी उभारली. शेजारीच मॅकॉनेल व केनेडी यांच्या गिरण्या वाढल्या. 1804 मध्ये पूर्ण झालेल्या रॉचडेल कालव्यामुळे मालवाहतूक सोपी झाली. कामगारांच्या वाट्याला मात्र दाटीवाटीची, कोंदट घरे आली. फ्रीड्रिख एंगेल्स याने 1845 च्या आपल्या ग्रंथात त्यांचे विदारक वर्णन केले. अमेरिकन यादवी युद्धात (1861–65) कापूस अडला, तेव्हा लँकेशरमधील गिरण्यांत बेकारी पसरली आणि त्याच टंचाईने मुंबईचे कापूस-व्यापारी गब्बर झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे इटालियन वस्ती वाढली. आइस्क्रीम हा तिचा प्रसिद्ध धंदा. ओएन विल्यम्स याने बांधलेली डेली एक्स्प्रेसची काळ्या काचेची इमारत (1939) आवर्जून पाहावी अशी. विसाव्या शतकात गिरण्या बंद पडल्या. 1989 पासून हा संरक्षित परिसर असून जुन्या गिरण्यांत आता महागडी घरे व कार्यालये आहेत.