साडेतीन टक्क्यांची जकात

लढाया आणि तह यांना इतिहासांत जें मानाचें स्थान मिळतें, तें जकातीच्या कोष्टकांना सहसा मिळत नाहीं. परंतु एका देशाचें दैव दुसऱ्या देशाच्या मुठींत कितपत अडकलें आहे हें पाहावयाचें असेल, तर तहाच्या कलमांपेक्षां कोष्टकांतील आंकडाच पुष्कळदां अधिक स्पष्ट बोलतो. हिंदुस्थानांतील गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून १९२५ पर्यंत लादलेली साडेतीन टक्क्यांची जकात हा असाच एक आंकडा आहे. परदेशांशीं खुल्या व्यापाराचे करार करावे कीं न करावे, हा वाद आज पुन्हां निघाला असतां त्याची हकीगत ध्यानांत आणणें अप्रस्तुत होणार नाहीं.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं काढली व १८५६ त ती सुरू झाली. विलायती कापडावर त्या काळीं येथें जी जकात होती ती सरकारच्या तिजोरीसाठीं होती. देशी धंद्याला आडोसा देण्याचा हेतु तींत मुळींच नव्हता. १८५७ च्या धामधुमीनें तिजोरीला ओहोटी लागली तेव्हां ती वाढली, आणि १८६२ सालीं पुन्हां ५ टक्क्यांवर आली. मुंबईच्या गिरण्या वाढूं लागतांच एवढीशी जकातही मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत सलूं लागली. १८७४ त त्यांनीं ती रद्द करण्याविषयीं अर्ज केला. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनीं ती १८७५ च्या कायद्यांत कायम ठेवली. त्यावरून त्यांचे व भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांचे खटके उडाले. १८७७ च्या जुलैंत हाउस ऑफ कॉमन्सनें ठराव केला कीं, हिंदुस्थानची सांपत्तिक स्थिति अनुकूल होतांच ही जकात काढून टाकावी. ज्या वर्षीं हा ठराव झाला त्या वर्षीं दक्षिणेंत माणसें दुष्काळानें मरत होतीं! तरीही १८७९ सालीं लॉर्ड लिटन यांनीं आपल्या कौन्सिलांतील बहुमत बाजूला सारून जाड्याभरड्या कापडावरील जकात उठविली, आणि १८८२ त उरलेलीही गेली.

हें सर्व अर्थशास्त्राच्या नांवानें झालें. खुल्या व्यापाराच्या पक्षाचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जी वस्तु ज्या देशांत स्वस्त निपजते ती तेथूनच घ्यावी. जकात बसवून महाग देशी माल गिऱ्हाइकाच्या गळ्यांत बांधणें म्हणजे बहुजनांच्या खिशांतून मूठभर कारखानदारांचें घर भरणें होय. या कोटिक्रमांत तथ्यच नाहीं असें कोणीं म्हणूं नये. परंतु ज्या इंग्लंडनें हा उपदेश केला, त्यानेंच १७०० व १७२१ सालच्या कायद्यांनीं हिंदुस्थानी छापील कापडाला आपल्या घरांत मज्जाव केला होता. आणि धान्यावरील संरक्षक कायदे त्यानें उठविले ते १८४६ त, म्हणजे त्याच्या यंत्रबळाला जगांत तोड उरली नव्हती तेव्हां. पैलवानानें सर्व खुराक पचविल्यावर पोराला उपवासाचें माहात्म्य सांगावें, तसा हा प्रकार होता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं १८७७ सालींच या प्रश्नाचा हिंदी दृष्टीनें विचार करून संरक्षणाचा पक्ष मांडला. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ त पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत याहून मूलगामी मुद्दा पुढें आणला. अर्थशास्त्राचे सिद्धांत भूमितीच्या प्रमेयांसारखे सर्वदेशीय व त्रिकालाबाधित नसून देशकालपरिस्थितीशीं बद्ध असतात, असें त्यांनीं प्रतिपादिलें.

रुपयाचा भाव घसरून तिजोरींत पुन्हां खड्डा पडला, तेव्हां १८९४ च्या मार्चांत परदेशी मालावर ५ टक्के जकात बसली; मात्र कापूसमाल तींतून वगळला! त्यावर ओरड झाली म्हणून डिसेंबरांत तोही जकातीखालीं आणला. पण त्याबरोबर येथील गिरण्यांच्या २० नंबरावरील सुतावर तितकीच जकात लादली. लँकेशायरचें एवढ्यानेंही समाधान होईना. १८९६ च्या फेब्रुवारींत शेवटची घडी बसली: आयात कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के, हातमागाचें कापड तेवढें सुटलें. वास्तविक लँकेशायरचा माल बहुधा तलम आणि मुंबईचा जाडाभरडा. दोहोंची गांठ फारच थोड्या बाजारांत पडे. असें असतां ज्या जाड्या धोतराशीं मँचेस्टरची स्पर्धाच नव्हती, त्यावर म्हणजे गरिबाच्या अंगावरील वस्त्रावर हा कर बसला. गिऱ्हाइकाच्या हिताची भाषा बोलणारांनीं शेवटीं गिऱ्हाइकावरच हात टाकला.

येथपर्यंतची कथा आपल्याला सोईची आहे. पण अर्धीच कथा सांगणें हा इतिहासाशीं द्रोह होईल. या गिरण्यांत राबणाऱ्या माणसांचें काय? १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला त्यामागें लँकेशायरचीही खटपट होती. देशी गिरण्यांना पायबंद घालण्याचें हें कारस्थान आहे, असें म्हणून आमच्यांतील अनेक देशभक्तांनीं त्याला विरोध केला. हेतूविषयींचा त्यांचा संशय खोटा नव्हता; परंतु त्या संशयानें मजुराचे तास कमी होत नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ त गिरणी कामगारांच्या सभा भरवून ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला, त्यांतील मागण्या पाहाव्या: आठवड्यास एक सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, आणि पगार वेळेवर. एवढें मिळविण्यासाठींही झगडावें लागलें. रविवारची सुटी मिळावयास १८९० साल उजाडलें. धंद्याचें संरक्षण म्हणजे आपोआप कामगाराचें संरक्षण, हें समीकरण तेव्हांही खरें नव्हतें.

पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थाननें १० कोटि पौंडांचा भार उचलला, तेव्हां कोठें १९१७ त परदेशी कापडावरील जकात साडेसात टक्के झाली. देशी कापडावरील साडेतीन टक्के मात्र तसेच राहिले. मग १९२५ सालीं मंदीच्या सबबीवर मुंबईच्या गिरणीमालकांनीं पगारांत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सुमारें दीड लाख कामगार संपावर गेले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ घरीं बसले. मालक म्हणत होते, सरकारनें जकात सोडावी म्हणजे आम्ही कपात सोडूं. डिसेंबरांत सरकारनें ती तहकूब केली, कपात रद्द झाली, आणि १९२६ त जकात कायद्यानेंही संपली. तीस वर्षें सभांनीं, अर्जांनीं व लेखांनीं जें साधलें नव्हतें, त्याला अखेरचा धक्का गिरणगांवच्या रिकाम्या चुलींनीं दिला. त्याचें फळ त्यांना किती मिळालें? १९२८ त त्याच कामगारांना मागांची संख्या वाढविण्याच्या व मजुरी घटविण्याच्या योजनेविरुद्ध सहा महिने पुन्हां लढावें लागलें.

या इतिहासांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी कीं, जकातीचें वाईट तिच्या टक्क्यांत नसून ती ठरविणारा हात परका असण्यांत होतें. १९३९ चा हिंदुस्थान-ब्रिटन व्यापारी करार मध्यवर्ती विधिमंडळानें फेटाळला असतांही अंमलांत आला, हा त्याच रोगाचा शेवटचा झटका. आज कोष्टक आपल्या हातीं आहे. २०१९ च्या नोव्हेंबरांत बँकॉक येथें भारत आशियाई राष्ट्रांच्या मोठ्या व्यापारकरारापासून दूर राहिला, आणि २४ जुलै २०२५ रोजीं त्यानें ब्रिटनशीं करारावर सही केली. दोन्ही निर्णय आपलेच. परंतु करार म्हणजे हें कोष्टक पुढील पिढीच्या हातून काढून बांधून ठेवणें होय. उद्यां एखादा धंदा बुडूं लागला तर त्याला आडोसा देण्याची मोकळीक ज्या करारांत उरत नाहीं, तो कितीही गोड शब्दांनीं मढविलेला असला तरी त्याला विरोधच केला पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या कारखानदारांना अप्रिय वाटेल. संरक्षण हें दान नसून कर्ज आहे. जकातीमुळें चढलेली किंमत सामान्य कुटुंब भरतें. त्या कर्जाची फेड चांगल्या मालानें, नव्या यंत्रांनीं आणि कामगाराच्या पुरेशा वेतनानें झाली पाहिजे, आणि तीही मुदतींत. ती फेड मागण्याचें धैर्य ज्या सरकारांत नसेल, त्यानें संरक्षणाची भाषा बोलूं नये. मँचेस्टरच्या जुलमाचा हिशेब आपण चोख मांडला. तसाच घरचा हिशेब मांडल्यावांचून स्वदेशी हा शब्द पुरा होत नाहीं.