17 किलो तेव्हाही, 17 किलो आताही

1977 साली कॅलिफोर्नियात जो ब्रीझ नावाच्या तरुणानं खास डोंगरासाठी एक सायकल बांधली. वजन 38 पौंड, म्हणजे सुमारे 17 किलो. आज डाउनहिल वर्ल्ड कपच्या शर्यतीत उतरणारी एखादी सायकल काट्यावर ठेवा. 16-17 किलो भरेल, कधी थोडी जास्तच. मधे जवळपास पन्नास वर्षं गेली. पोलाद जाऊन ॲल्युमिनियम आलं, मग कार्बन फायबर आलं. काटा मात्र जवळजवळ तिथंच!

संशोधनाच्या सुरुवातीला मी जुन्या कॅटलॉगांमधून वजनांचा आलेख काढत बसलो होतो. रेघ खाली खाली येत जाणार, आणि तोच या सायकलचा इतिहास, असं मी गृहीत धरलं होतं. तसं काही झालं नाही. आलेख आधी खाली आला, मग वर गेला, मग पुन्हा खाली आला. मग प्रश्न पडला की वजन फिरून तिथंच येत असेल, तर बदललं काय? कारण आजच्या सायकलवर बसलेल्या माणसाला उतार अगदी वेगळा जाणवतो.

आधी तो उतार बघू. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, तामलपाइस डोंगराच्या परिसरात, फेअरफॅक्स गावाजवळ एक कच्चा रस्ता आहे. साधारण दोन मैलांत 1300 फूट खाली येणारा. 21 ऑक्टोबर 1976 रोजी तिथं पहिली शर्यत झाली. सायकली होत्या 1930-40च्या दशकांतल्या श्विन एक्सेलसियरसारख्या, जाड टायरच्या, वीस किलोंच्या पुढच्या. पेडल उलटं दाबलं की मागच्या हबमधला ब्रेक लागायचा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि नवं भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नाव पडलं रिपॅक. गॅरी फिशरनं हा उतार 4 मिनिटं 22 सेकंदांत उतरल्याची नोंद आहे.

ब्रीझ याच शर्यतीतला. त्यानं नळ्या नव्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या घेतल्या, पण कोन मात्र जुन्या एक्सेलसियरचेच ठेवले. हेड अँगल 68 अंशांच्या आसपास. हेड अँगल म्हणजे हँडलखालची नळी आणि जमीन यांच्यातला कोन. आपल्याकडची दूधवाल्याची काळी सायकल आठवा. तिचा चिमटा असाच पुढे झुकलेला असतो. खड्ड्यांतून दोन कॅन लटकवून जातानाही हँडल फारसं वळवळत नाही, त्यात या कोनाचा मोठा वाटा आहे.

हे कसं होतं? हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं ती रेघ मनानं जमिनीपर्यंत ओढा. पुढचा टायर त्या बिंदूच्या थोडा मागे टेकतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. सुपरमार्केटमधल्या ट्रॉलीचं चाक आपोआप सरळ होतं ते याच कारणानं. ट्रेल जास्त, तर चाक स्वतःहून सरळ राहू बघतं. कमी, तर हँडल चपळ, पण दगड लागला की लगेच हिसका. माझा हिशोब असा: 71 अंशांचा कोन आणि 26 इंची चाक धरलं तर ट्रेल येतो साधारण 75 मिलिमीटर. 63 अंश आणि 29 इंची चाक धरलं तर 130 मिलिमीटर. फरक जवळजवळ दुपटीचा आहे!

आता गंमत बघा. 71 हा आकडा ब्रीझच्या आधीचा नाही, नंतरचा आहे. 1980च्या दशकात माउंटन बाइक धंद्यात आली, क्रॉस-कंट्री शर्यती वाढल्या, आणि दहा वर्षांच्या आत 71 अंशांचा हेड अँगल हा जणू नियमच झाला. चढावर पुढचं चाक भरकटू नये, वळणावर सायकल पटकन वळावी, हे हेतू चढणाऱ्यासाठी बरोबरच होते. पण उतरणाऱ्यालाही तीच सायकल मिळाली. 1990 साली कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि ग्रेग हर्बोल्डनं पुरुषांची डाउनहिल जिंकली. त्याच्या सायकलला रॉकशॉक्सचा सस्पेन्शनचा चिमटा होता, जेमतेम पाच सेंटीमीटर दबणारा. बाकी बांधणी उतारासाठी वेगळी काढलेली नव्हती.

पुढच्या दहा वर्षांत सगळं लक्ष सस्पेन्शनवर गेलं. पाचाचे वीस सेंटीमीटर झाले. त्यासोबत जाड नळ्या, दुहेरी क्राउनचा चिमटा, डिस्क ब्रेक, भक्कम टायर आले, आणि 2000च्या सुमाराला वजन पुन्हा वीस किलोंकडे गेलं. कार्बननं ते नंतर खाली आणलं. म्हणजे ब्रीझची 17 किलो आणि आजची 17 किलो एकच नव्हेत. वाचवलेलं प्रत्येक किलो सस्पेन्शन, ब्रेक आणि टायरांवर पुन्हा खर्च झालं.

पण उतारावर वजनाचं महत्त्व तरी किती? चढावर प्रत्येक किलो पायांना मोजावा लागतो. उतारावर खेचणारं गुरुत्वाकर्षणच असतं, आणि वस्तू जड असली म्हणून ती जोरात पडत नाही. 75 किलोचा माणूस आणि 16 किलोची सायकल धरली, तर दोन किलो कमी करणं म्हणजे एकूण वजनात दोन टक्क्यांचा फरक. खरा प्रश्न वजन किती हा नसून ते कुठं आहे हा आहे. चाकं, टायर, चिमट्याचा खालचा भाग, मागचा हलणारा त्रिकोण हे सस्पेन्शनच्या खालचं वजन. दगडावर ते वरखाली उडतं. त्याच्या तुलनेत फ्रेम फार हलकी असेल तर तो धक्का फ्रेमलाही हलवतो, आणि पायांखाली सायकल चुळबुळी वाटते. फ्रेम थोडी जड असली, त्यातही पेडलजवळ खाली, तर ती शांत राहते.

लांबीचं काम वेगळं. उभ्या उतारावर ब्रेक धरून, वेग वाढू न देता उतरताय अशी कल्पना करा. शरीर आणि सायकल मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटर उंच आणि पुढचं चाक टेकतं तिथपासून 60 सेंटीमीटर मागे असेल, तर सुमारे 31 अंशांच्या उतारावर मागचं चाक उचलतं. तेच अंतर 70 केलं की मर्यादा 35 अंशांवर जाते. दहा सेंटीमीटरांत हँडलवरून उलटण्याची भीती एवढी मागे सरते. आता माणूस मागे लटकत बसत नाही. तो सायकलच्या मधोमध उभा राहतो आणि पुढच्या टायरवर भार देऊ शकतो.

ही लांबी मिळवून देण्यात उंच माणसांचा वाटा आहे. दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिनार सहा फुटांहून उंच. कॅटलॉगातली सर्वांत मोठी फ्रेमही त्याला आखूड पडायची, म्हणून सांता क्रूझनं त्याच्यासाठी आणखी लांब फ्रेम केली. 2017 साली 29 इंची चाकांवर त्यानं स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमची वर्ल्ड कप शर्यत जिंकली. ठेंगण्या खेळाडूंना मात्र वेगळी अडचण. मागचं मोठं चाक उतारावर पार्श्वभागाला घासतं. 2019च्या हंगामापासून पुढे 29 आणि मागे 27.5 अशी जोडी नियमात बसू लागली, तेव्हा त्यांना वाट मिळाली. चांगलं माप कोणतं, हे कुणाच्या शरीरावर मोजता त्यावर ठरतं.

आणि माझ्या आलेखाचा शेवट असा. 2024 साली फ्रेंच खेळाडू लोइक ब्रुनीच्या फ्रेमवर, पेडलच्या अक्षाजवळ, मुद्दाम लावलेली वजनं दिसली. त्या हंगामात वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद त्याचंच होतं. नुसत्या वजनांमुळे तो जिंकला असा दावा मी करणार नाही. पण हलकं करण्यात इतकी वर्षं घालवलेल्या फ्रेमवर जिंकणारा माणूस स्वतःहून भार चिकटवतो, तेव्हा 'हलकं म्हणजे प्रगत' ही माझी सुरुवातीची समजूत टिकत नाही.

ती समजूत मला कॅटलॉगांनी दिली होती. वजन एका आकड्यात छापता येतं, दुकानात सायकल उचलून पटवता येतं. हेड अँगल आणि लांबी यांचा अर्थ मात्र उतारावरच कळतो. प्रबंधात आता वजनाच्या रेघेखाली मी आणखी दोन रेघा काढल्या आहेत, एक हेड अँगलची आणि एक व्हीलबेसची. वजनाची रेघ फिरून 17वर येते. कोनाची रेघ 68वरून 71वर चढते आणि मग उतरत 63वर जाते. म्हणजे इतिहासानं आधी ब्रीझला चूक ठरवलं, आणि मग तो ब्रीझच्याही पुढे, त्याच दिशेनं गेला.