पाठ केलेली प्रार्थना आणि आपली प्रार्थना

संत लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात एक मार्मिक प्रसंग आहे. प्रभू येशूची प्रार्थना आटोपल्यावर एका शिष्याने त्याला विनंती केली की, योहानाने आपल्या शिष्यांना प्रार्थना शिकविली, तशी तूही आम्हांला शिकवावीस. हे शिष्य यहुदी घरांत वाढलेले होते. स्तोत्रांचे संस्कार त्यांच्यावर बालपणापासूनच झालेले असणार. तरीही प्रार्थना शिकावी लागते, हे त्यांनी ओळखले. प्रभूनेही प्रथम प्रार्थनेचे शब्दच त्यांच्या ओठी दिले. विवेचन त्यानंतर केले.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांकडून प्रार्थना पाठ करून घेण्याचा उपयोग काय, असे आज कित्येक पालक विचारतात. अर्थ उमगण्याआधी घोकलेल्या शब्दांना प्रार्थना म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या नाशिकच्याच इतिहासात सापडते. त्यातील माणसे प्रॉटेस्टंट पंथाची होती. पण विभक्त बंधूंकडील ख्रिस्ती ठेव्याचा आपण आनंदाने आदर करावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ च्या आदेशात सांगितलेलेच आहे.

नाशिककर रोज ज्या शरणपूर रस्त्याने ये-जा करतात, त्याचे नाव एका ख्रिस्ती वसाहतीवरून पडले. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली ती वसविली. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून इंग्रज आरमाराने सोडविलेल्या आफ्रिकी मुलामुलींना पुढे तेथे आश्रय मिळाला. आईबाप, गाव, भाषा, सारे काही हरपलेली ही लेकरे सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे आणि त्याबरोबर प्रार्थना करणेही शिकली. ज्या शब्दांनी ती प्रार्थना करीत, ते शब्द त्यांच्या मायबोलीतले नव्हते.

त्यांपैकीच जेकब वेनराइट हा एक. १८७२ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी संशोधकाच्या मदतीसाठी जी तुकडी आफ्रिकेत धाडण्यात आली, तीत नाशकात शिकलेले काही तरुण होते; त्यांत जेकबही होता. मे १८७३ च्या आरंभी चितांबो या गावी, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. तेथे कोणी धर्मगुरू नव्हता, चर्च नव्हते. सहकाऱ्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. त्या वेळी जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर मृत्युलेख कोरला. पुढे त्या आफ्रिकी सोबत्यांनी तो देह दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत समुद्रकिनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. शरणपुरात दुसऱ्यांकडून शिकलेले शब्द त्या अरण्यात उपयोगी पडले. मनुष्य शोकाने मूक होतो, तेव्हा स्वतःचे शब्द सुचत नाहीत. अशा वेळी पाठ केलेली प्रार्थनाच त्याला हात देते.

तथापि, पाठांतर ही केवळ पहिली पायरी होय. दुसऱ्या पायरीची कथाही नाशिकशी जोडलेली आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) बालवयात मातृवियोगानंतर नाशकात आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. जवळच्याच जलालपूरच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. आगगाडीच्या प्रवासात लाभलेला नवा करार वाचताना ते डोंगरावरील प्रवचनाशी खिळून राहिले. प्रभूची प्रार्थना याच प्रवचनात आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते फार असत. ओठ गात, पण मराठी हृदय हेलावत नसे. टिळकांनी अभंग-ओवीची वाट धरली. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांची शेकडो भजने ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून घरोघर पोहोचली. लक्ष्मीबाई तर पाच वर्षे पतीपासून दुरावल्या होत्या. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला आणि पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ स्वतः पूर्ण केले. पती-पत्नींनी आपल्या मातीच्या छंदांत प्रभूशी संवाद साधला.

ही दृष्टी आपल्या कॅथलिक परंपरेला परकी नाही. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच गोव्यात छापले गेले होते. मिस्साविधी मात्र शतकानुशतके लॅटिनमध्येच राहिला. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने लोकभाषेला दार उघडले, तेव्हा कोठे वेदीवरून मराठी शब्द ऐकू येऊ लागले.

आज आपल्या कित्येक घरांत आजी मराठीतून जपमाळ म्हणते आणि नातवंडे शाळेतील इंग्रजी प्रार्थना म्हणतात. दोघांची प्रार्थना एकत्र येत नाही. म्हणून पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, सायंप्रार्थनेत ‘प्रभूची प्रार्थना’ आणि ‘नमो मरिया’ मुलांकडून मराठीत अवश्य पाठ करून घ्या. अर्थ कळण्याची वाट पाहू नका. त्यानंतर क्षणभर थांबून प्रत्येकाला, अगदी लहानग्यालाही, त्या दिवसाबद्दल देवाशी एक वाक्य स्वतःच्या शब्दांत बोलू द्या. ते मोडके असेल, अडखळते असेल. त्याला हसू नये, सुधारूही नये. आजीने ते ऐकावे आणि ‘आमेन’ म्हणावे.