समुद्राने अडतीस दिवसांनी परत दिलेला वैमानिक

२ सप्टेंबर २०२४ची रात्र. पोरबंदरपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्रात असलेल्या 'हरी लीला' या तेलवाहू जहाजावरील एक कर्मचारी गंभीर जखमी झाला होता. जहाजाच्या कप्तानाने मदतीची हाक दिली आणि रात्री ११च्या सुमारास तटरक्षक दलाचे 'ध्रुव' जातीचे हेलिकॉप्टर किनाऱ्यावरून झेपावले. आत चौघे होते. जखमीला उचलून रुग्णालयात पोहोचवायचे, एवढेच काम. जहाज दृष्टिपथात आले, हेलिकॉप्टर त्याच्याजवळ जाऊ लागले आणि त्याच वेळी ते समुद्रात कोसळले.

चौघांपैकी एकाला जिवंत बाहेर काढण्यात यश आले. सहवैमानिक कमांडंट (कनिष्ठ श्रेणी) विपिन बाबू आणि प्रधान नाविक करण सिंह यांचे मृतदेह लवकरच हाती लागले. मात्र, मोहिमेचे प्रमुख वैमानिक कमांडंट राकेशकुमार राणा यांचा ठावठिकाणा लागेना. जो दुसऱ्याचा जीव वाचवायला निघाला होता, त्याचाच शोध आता त्याचे सहकारी घेत होते.

त्या हेलिकॉप्टरची आणखी एक नोंद सांगण्याजोगी आहे. दुर्घटनेच्या काही दिवस आधी, ऑगस्टअखेर गुजरातला वादळी पावसाने झोडपले होते. त्या काळात याच हेलिकॉप्टरने ६७ जणांचे प्राण वाचविले होते.

रात्र, समुद्र आणि हेलिकॉप्टर

जमिनीवरून उडणाऱ्या वैमानिकाला रात्रीही काही आधार असतो. गावांचे दिवे, रस्त्यांच्या रेषा, डोंगरांच्या कडा त्याला दिसतात. समुद्रावर यातले काहीच नसते. ढगाळ रात्री आकाश आणि पाणी यांच्यातली क्षितिजरेषा पुसली जाते. आपण सरळ आहोत की कललेलो, वर जात आहोत की खाली, याविषयी मानवी शरीर अशा वेळी चुकीचे संकेत देते. म्हणून वैमानिकाला स्वतःच्या जाणिवेपेक्षा समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवावा लागतो.

जहाजावरील जखमीला उचलायचे तर हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर ठेवावे लागते. खालचे जहाज मात्र लाटांवर हलत असते, त्याच्या डोलकाठ्या आणि तारा अंधारात दडलेल्या असतात. पंख्यांच्या वाऱ्याने उडालेले खारे तुषार समोरच्या काचेवर येतात. पुरेशी उंची आणि वेग नसल्याने या टप्प्यावर काही बिघडले, तर सावरण्यासाठी मिळणारा अवधी काही सेकंदांचाच असतो.

पाण्यात उतरल्यानंतरचे संकट वेगळेच. हेलिकॉप्टरची इंजिने, गिअरपेटी आणि पंखे असा सारा जड भाग वरच्या बाजूला असतो. त्यामुळे ते पाण्यावर पडले की बहुधा उलटे होते. आत बसलेला माणूस क्षणात डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत, अंधारात आणि पाण्याखाली सापडतो. दार कोणत्या बाजूला आहे, हेही त्याला कळत नाही. म्हणूनच नौदल आणि तटरक्षक दलाच्या हवाई कर्मचाऱ्यांना तलावात बुडवून उलट्या केल्या जाणाऱ्या नकली कक्षातून बाहेर पडण्याचे शिक्षण दिले जाते. पट्टा कधी सोडायचा, हात कशावर ठेवायचा, दिशा कशी राखायची, हे अंगवळणी पडावे लागते.

या शिक्षणाचा उपयोग होतो. ८ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळ नौदलाच्या 'ध्रुव' हेलिकॉप्टरला नेहमीच्या उड्डाणात पाण्यात उतरावे लागले, तेव्हा तिन्ही कर्मचारी सुखरूप बाहेर आले होते. पण ती उतरण वैमानिकाच्या ताब्यात होती. पोरबंदरजवळ तेवढी संधी मिळाली नाही.

शोध कसा घेतात

भारताकडे शोध व बचावाची जबाबदारी असलेले सागरी क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरचे आहे. मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथील समन्वय केंद्रांतून तटरक्षक दल हे काम पाहते. संकटातील खलाशी आणि मच्छीमारांसाठी १५५४ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

कोणी समुद्रात बेपत्ता झाले की प्रथम त्याचे शेवटचे ज्ञात स्थान नकाशावर मांडले जाते. त्यानंतर वारा आणि प्रवाह यांच्या ओघात ती व्यक्ती किंवा वस्तू कोठे वाहत गेली असेल, याचा अंदाज बांधला जातो. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेने २०१६ मध्ये त्यासाठी 'सरत' ही संगणकीय प्रणाली उपलब्ध करून दिली. मात्र, दर तासागणिक संभाव्य क्षेत्र विस्तारत जाते. पहिल्या दिवशी काही चौरस मैलांचा असलेला शोध आठवड्याभरात हाताबाहेर जाऊ शकतो.

पोरबंदरच्या दुर्घटनेनंतर लगेचच चार जहाजे आणि दोन विमाने शोधासाठी धाडण्यात आली. हेलिकॉप्टरचे अवशेष सापडले. मग दिवस उलटत गेले. जिवंत असण्याची आशा मावळल्यावरही शोध थांबविण्यात आला नाही. नौदलही त्यात सहभागी होते. अखेर १० ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे अडतिसाव्या दिवशी, पोरबंदरच्या नैर्ऋत्येस सुमारे ५५ किलोमीटरवर कमांडंट राणा यांचे पार्थिव मिळाले.

पार्थिव मिळण्याचे मोल

एवढे दिवस, एवढे मनुष्यबळ आणि इंधन एका मृतदेहासाठी का खर्च करायचे, असा प्रश्न एखादा करील. त्याचे उत्तर घरी वाट पाहणाऱ्यांकडे असते. बेपत्ता या शब्दात मृत्यूही नसतो आणि जीवनही नसते. दाराची कडी वाजली की मन धावते. अंत्यविधी करता येत नाही, तेरावा घालता येत नाही, कुंकू पुसावे की ठेवावे, हेही ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही ही अवस्था अवघड आहे. सात वर्षे ज्याच्याविषयी काही ऐकू आले नाही, त्याला मृत मानण्याचा सर्वसाधारण नियम जुन्या पुरावा कायद्यात होता आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. पार्थिव मिळाले की निदान शोक करण्याचा अधिकार कुटुंबाला मिळतो.

हा अधिकार सर्वांनाच मिळालेला नाही. याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने 'आयएनएस खुक्री'ला जलसमाधी दिली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक जहाजाबरोबर गेले. दीवच्या टेकडीवर काचेच्या आवरणात ठेवलेली 'खुक्री'ची प्रतिकृती हेच त्यांचे स्मारक. तेथे येणारा माणूस हात जोडतो आणि समोरच्या पाण्याकडे पाहतो, कारण समाधी तेथेच आहे.

प्रश्न उरतोच

५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरच्याच विमानतळावर तटरक्षक दलाचे आणखी एक 'ध्रुव' हेलिकॉप्टर सरावाच्या उड्डाणानंतर कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर तिन्ही सेनादले आणि तटरक्षक दलाकडील या जातीच्या सुमारे ३३० हेलिकॉप्टरांची उड्डाणे थांबविण्यात आली. लष्कर आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना काही महिन्यांनी परवानगी मिळाली, तेव्हाही नौदल आणि तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे जमिनीवरच होती. खारी हवा आणि जहाजांवरील उड्डाणे यांचा यंत्राच्या भागांवर काय परिणाम होतो, याचा वेगळा विचार आवश्यक ठरला.

शहीद वैमानिकाच्या छायाचित्राला हार घालणे सोपे आहे. त्याने ज्या यंत्रावर विश्वास टाकला, ते यंत्र त्याच्यानंतर उडणाऱ्यासाठी अधिक निर्धोक करणे, ही खरी श्रद्धांजली. कारण जहाजावरून मदतीची हाक पुन्हा येईल. ती रात्रीची असेल, हवामान वाईट असेल आणि कोणीतरी तरुण वैमानिक शिरस्त्राण उचलून हेलिकॉप्टरकडे चालू लागेल.